तिळाची अ‍ॅलर्जी आणि मेसचं जेवण

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा रिपोर्ट आईने पाठवला, वाचला. तिळाचं नाव पक्कं झालं हे एका परीने बरंच झालं, नाहीतर प्रत्येक वेळी “पित्त उठलं” म्हणून तुझ्या अंगाला आमसुलाचं पाणी लावणं चाललंच होतं. पण त्याच कागदावर मोहरी, खसखस आणि शेंगदाण्यापुढेही खुणा आहेत, म्हणून तू तेही सगळं सोडायला निघालास म्हणे. जरा थांब. रक्तात प्रतिद्रव्यं दिसली म्हणजे अ‍ॅलर्जी आहेच असं नसतं. फोडणीतली मोहरी तू लहानपणापासून खातोयस आणि कधी काही झालेलं नाही, मग नुसत्या आकड्यापायी ती बंद करू नकोस. खसखशीबद्दल शंका आहे ना? डॉक्टर दवाखान्यात बसवून, आपल्या डोळ्यांसमोर थोडं थोडं खायला देऊन बघतात. खोलीवर मित्रांच्या साक्षीने असले प्रयोग करायचे नाहीत.

याची दुसरी बाजूही आहे. तिळातली काही प्रथिनं तेलाला धरून असतात आणि नेहमीच्या चाचणीत ती कधीकधी सापडतच नाहीत. त्यामुळे चाचणी काही म्हणो, तीळ खाऊन ओठ सुजले असतील तर ते खरं मानायचं.

आता मेस. तिथे “यात तीळ आहे का?” असं विचारशील तर “नाही” असं उत्तर येईल, आणि ते प्रामाणिकही असेल. मेसवाल्या काकूंनी आमटीत तीळ टाकलेला नसतो, त्यांनी गोडा मसाला टाकलेला असतो. त्या मसाल्यात धने-खोबऱ्याबरोबर तीळ भाजून कुटलेला असतो, बऱ्याचदा खसखसही. म्हणून विचारायचं ते असं: “मसाला कोणता वापरता? घरचा असेल तर त्यात काय काय घालता? विकतचा असेल तर पाकीट दाखवता का?” भरल्या वांग्याचा कूट, बाकरवडीचं सारण, सुकी चटणी, जेवणानंतर बडीशेपेबरोबर पुढे येणारा मुखवास, या चार ठिकाणी विशेष लक्ष दे. कोथिंबीरवडी, अळूवडीवरचा तीळ निदान डोळ्यांना दिसतो तरी.

आणि “बर्गरच्या पावावरचे तीळ खाल्ले तेव्हा काही झालं नाही” हा युक्तिवाद माझ्यापुढे करू नकोस. अख्खा तीळ पुष्कळदा न चावता तसाच पोटातून पुढे जातो. तोच कुटून चटणीत किंवा वाटून ताहिनीत (तिळाच्या पातळ चटणीसारख्या पेस्टमध्ये) आला की त्यातली सगळी प्रथिनं मोकळी होतात.

तेलाचं म्हणशील तर घाण्याचं तीळतेल तुला पूर्ण वर्ज्य. आयुर्वेदिक मालिशची बरीच तेलं तीळतेलातच सिद्ध केलेली असतात, नारायण तेलसुद्धा. दिवाळीच्या अभ्यंगाआधी बाटलीवरचं वाचत जा. एक गंमत सांगते: आपल्याकडे वनस्पती तुपात किमान 5 टक्के तीळतेल घालायची सक्ती होती. कुणी साजूक तुपात डालडा मिसळला तर प्रयोगशाळेत तीळतेलाचा लाल रंग उमटून चोरी पकडली जावी, म्हणून. भेसळ पकडणाऱ्यांची सोय झाली, तुझ्यासारख्यांची पंचाईत. त्यामुळे स्वस्त बेकरीतली खारी, नानकटाई मी तरी तुला खा म्हणणार नाही.

पाकिटाच्या तळाशी ठळक अक्षरात दिलेल्या अ‍ॅलर्जीच्या सूचनेवर विसंबू नकोस. आपल्या 2020 च्या लेबल नियमांतल्या यादीत शेंगदाणा आहे, सोयाबीन आहे, तीळ नाही. म्हणजे घटकांची अख्खी यादी वाचायची, आणि नुसतं ‘मसाले’ लिहिलं असेल तर ते पाकीट परत ठेवायचं. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ लेबलवर सांगणं सक्तीचं झालं, तर तिथल्या काही बेकऱ्यांनी यंत्रं काटेकोर साफ ठेवण्याऐवजी पावातच थोडं तिळाचं पीठ घालून तसं छापून टाकलं! कायदा पाळला गेला आणि खाणाऱ्याचा पाव गेला. पुढे शिकायला तिकडे गेलास तर आधी चालणारा ब्रँडही दर वेळी नव्याने वाचावा लागेल.

औषधाबद्दल मात्र मी कडक आहे. अंगावर चार गांधी उठल्या तर अ‍ॅलर्जीची गोळी ठीक. पण घसा आवळला, आवाज बसला, धाप लागली, गरगरलं, किंवा गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर गोळीची वाट बघायची नाही. अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ताबडतोब. पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टरांकडून अँप्यूल (औषधाची काचेची बंद कुपी), सिरिंज आणि तुझ्या वजनाप्रमाणे डोस लिहून घे, आणि अँप्यूल फोडून औषध ओढायचं कसं ते त्यांच्यासमोर करून दाखव. रूममेटलाही शिकव, कारण त्या वेळी तुझे हात थरथरत असतील. मग आडवं पडायचं (धाप असेल तर टेकून बसायचं), उठून चालायचं नाही, 108 ला फोन. बरं वाटलं तरी इस्पितळात जायचंच, काही तासांनी त्रास परत उसळू शकतो.

राहिली संक्रांत. “एवढासा तर आहे, तोंड गोड कर” म्हणणारे वडीलधारे भेटतीलच. भीड ही भिकेची बहीण. हात जोडून म्हणायचं, “तिळाने मला श्वास लागतो, गुळाचा खडा द्या.” खडाही डब्यातून काढलेला हवा, तिळगुळाच्या ताटातला नको. शेंगदाण्याची चिक्की बरेच जण पर्याय म्हणून पुढे करतील. चिक्कीच्या दुकानात तिळाची आणि दाण्याची एकाच पाटावर लाटतात, एकाच सुरीने कापतात, तेव्हा तीही नको. शिवाय रिपोर्टमध्ये शेंगदाण्यापुढे खूण आहे, तेव्हा दाण्यांचं तुझ्या डॉक्टरांना विचारून ठेव.

मेसवाल्या काकू मसाल्याचं काय म्हणाल्या ते रविवारी फोनवर सांग. त्या वेगळी आमटी करायला तयार असतील तर मी तीळ-खसखस न घातलेला गोडा मसाला बरणीभर कुटून पाठवते. मोठा चमचा त्यांच्याकडे वेगळा ठेवायला सांग, बरणीतच.

तुझी
काकू