उन्हाळ्यातली हवा, बाळाची सीट आणि उसाच्या ट्रॉल्या: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (जुळे सोलापूर): मे महिन्यात पुण्याला निघताना पंक्चरवाला टायरची हवा २८ वर आणून देतो. 'उन्हाने हवा फुगते, टायर फुटेल' म्हणतो. खरं आहे का?

उलटं आहे. चांगला टायर उन्हाने हवा फुगली म्हणून फुटत नाही, हवा कमी असली की तापून फुटतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला बाजूने दबतो आणि सुटतो. त्या मुडपण्यातून उष्णता तयार होते. गाडीत पाच माणसं, डिकीत बॅगा, बाहेर ४२ अंश आणि मोहोळपासून टेंभुर्णीपर्यंत सलग शंभरचा वेग. आतले थर सुटायला एवढं पुरतं. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने (हवेच्या काट्यावरचा एक आकडा) वाढतो. हे कंपनीने आकडा ठरवतानाच धरलेलं असतं.

तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे चिकटवलेला असतो. बहुतेक गाड्यांत दोन रकाने असतात, कमी माणसांचा आणि भरलेल्या गाडीचा. कुटुंब घेऊन निघताना दुसरा बघा. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. हवा मोजायचा काटा घरी असलेला बरा, कारण पंपावरचे काटे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. इंदापूरला चहाला थांबल्यावर काटा ४-५ पीएसआय जास्त दाखवेल. तेव्हा हवा सोडायची नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी शाबूत असूनही दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. आणि हो, स्टेपनीची हवा! ती हमखास विसरली जाते.

प्रश्न (होटगी रोड): बाळ आठ महिन्यांचं, वजन ८ किलो. सासूबाई मांडीवर घट्ट धरून पुढे बसतात. अक्कलकोट तर जवळच आहे. सीटची खरंच गरज आहे का?

आहे. पन्नासच्या वेगाने गाडी धडकली तर ८ किलोचं बाळ क्षणभर दीड-दोनशे किलोंच्या जोराने पुढे ओढलं जातं. तेवढं धरून ठेवणारे हात कुणाचेच नसतात. शिवाय पुढच्या सीटसमोर एअरबॅगही असते. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि बाळ तिच्या आणि आजींच्या मधे सापडतं.

बाळाची सीट मागच्या बाकावर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे, अशी बसवा. किमान सव्वा वर्षापर्यंत तरी तसंच ठेवा. सीटची वजन-उंचीची मर्यादा परवानगी देईल तोवर ठेवलं तर आणखी चांगलं. आयसोफिक्सच्या कड्या (बाळाची सीट अडकवण्यासाठी गाडीतच बसवलेल्या) बाकाच्या पाठ आणि बैठकीच्या फटीत सापडतील. गाडीच्या पट्ट्याने बांधायची असेल तर मागे तोंड असताना बाळाच्या सीटवरच्या निळ्या खुणांतून पट्टा न्या. बांधून झाल्यावर पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा आवळा. आतल्या पट्ट्यांची चिमूट खांद्यापाशी धरता आली, तर तेही ढिले आहेत. थंडीत स्वेटर काढून बांधा, पांघरूण वरून घाला. जाड लोकरीखाली पट्टा घट्ट वाटतो, पण असत नाही.

सासूबाईंना बाळाशेजारी मागे बसवा, पट्टा लावून. बाळ रडलं तर हात लावता येतो, त्यामुळे वादही निम्मा मिटतो.

प्रश्न (विजापूर रोड): गाळप हंगामात पंढरपूरहून रात्री परतताना उसाच्या ट्रॉल्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. काय करावं?

साधा हिशोब करा. ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत ३० मीटर जातात, थांबायला आणखी ३५ लागतात. डिपरवर (खालच्या झोतावर) मात्र रस्त्यात उभी बिनदिव्याची काळपट ट्रॉली साधारण ५० मीटरवर दिसते. म्हणजे दिसली तरी धडक ठरलेली. ६० वर हीच बेरीज ४५ च्या आसपास येते. समोरून गाडी येत नसेल तेव्हा अप्पर (लांबचा झोत) वापरा, येत असेल तेव्हा डिपर आणि साठ. समोरच्या उजेडाने डोळे दिपले तर नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर न्या.

एका ट्रॅक्टरमागे बहुधा दोन ट्रॉल्या असतात आणि ऊस बाजूंनी बाहेर लोंबतो. ओव्हरटेक करताना दुसरी ट्रॉली आहे असं धरूनच अंतर मोजा. बंद पडलेल्या ट्रॉलीमागे लावलेले दगड ती निघून गेल्यावरही रस्त्यात पडलेले असतात, तेही ध्यानात ठेवा.

दोन गोष्टी फुकटात होतात. समोरची काच आतून पुसा, तिथल्या धुरकट थराने समोरचा उजेड पसरतो. आणि मागे माणसं-सामान भरल्यावर गाडीचं नाक वर जातं. हेडलाइटची ० ते ३ आकड्यांची चकती असेल तर १ किंवा २ वर करा, नाहीतर तुमचा डिपरच समोरच्याचे डोळे दिपवतो.

प्रश्न (अक्कलकोट रोड): रेडिएटरमध्ये घरच्या बोअरचं पाणी चालेल का?

अडचणीत गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरतं चालेल. कायमचं नाही. खाऱ्या पाण्याने आत क्षार बसतात, नळ्या अरुंद होतात आणि नेमकी तुळजापूरच्या घाटात गाडी तापते. पाणी न मिसळलेलं (कॉन्सन्ट्रेट) कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. इंजिन गरम असताना झाकण उघडू नका, वाफ तोंडावर येते. इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, बाजूला थांबा आणि किमान अर्धा तास बॉनेटपाशी मुलांना फिरकू देऊ नका.