एफडीचे पैसे सगळे फिल्ममध्ये घालावेत का?

नमस्कार भाऊ,

चाळीसगावात तुमचा फोटो स्टुडिओ आहे, जुना फोर बाय फाइव्ह कॅमेरा (चार बाय पाच इंची सुट्या फिल्मशीटवर फोटो घेणारा) हाती आलाय आणि पाटणादेवीकडची मंदिरं त्यावर टिपायची आहेत. फेब्रुवारीत ६० हजारांची एफडी सुटतेय. फिल्मचे भाव चढतच चाललेत, तर शीटमागे २४० रुपयांनी एचपी५ प्लस या जास्त वेगाच्या, म्हणजे कमी उजेडात चालणाऱ्या कृष्णधवल फिल्मच्या २५० शीट एकदमच घेऊन ठेवाव्यात, की निम्म्या भावात मिळणारी, कमी वेगाची फोमापॅन १०० घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. छायाचित्रकार केकी मूस ज्या गावात आयुष्यभर काम करत राहिले, त्या गावातून हा प्रश्न आला याचा मला मनापासून आनंद आहे.

फिल्म जरूर घ्या, पण ५० शीट घ्या.

महिन्याला आठ शीट वापरता असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ५० शीट सहा महिने पुरतात, २५० अडीच वर्षांच्याही पुढे जातात. आता भाववाढीचं बघू. सहा महिन्यांत भाव १० टक्के चढला, तर पुढच्या ५० शीटना १,२०० रुपये जास्त मोजावे लागतील. तेवढ्या काळात उरलेल्या ४८ हजारांवर ७ टक्के दर धरला तर १,६८० रुपये व्याज सुटतं. त्या खेपेची भाववाढ त्यातच भरून निघते. शिवाय लग्नसराई संपली की स्टुडिओची आवक आटते, हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा घरखर्चाला एफडी उपयोगी पडते, उघडलेला फिल्मचा डबा कोणी विकत घेत नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो. दोन-तीन उन्हाळे एवढा माल फ्रिजच्या भरवशावर सांभाळायचा, तोही लाइट जाण्याच्या दिवसांत!

आता स्वस्त फिल्म. बाहेर उन्हात फोमापॅन १०० छान काम देते, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण तुम्हाला सभामंडपातले कोरीव खांब हवेत. तिथे एचपी५ साठी मीटरने १० सेकंद दाखवले, तर लांब एक्सपोजरची भरपाई (शटर जास्त वेळ उघडं राहिलं की फिल्म मंदावते, म्हणून द्यायचा जादा वेळ) धरून सुमारे २० सेकंद द्यावे लागतात. फोमा १०० चा वेग एचपी५ च्या पाव, म्हणून तिला त्याच जागी मीटरच ४० सेकंद दाखवणार. तिची भरपाई फार मोठी. कंपनीच्या तक्त्यात १० सेकंदांनाच आठपट वेळ दिलीय. म्हणजे पाच मिनिटांच्या वर शटर उघडं, तेवढ्यात दर्शनाला आलेली माणसं, हललेला स्टँड. गाडीभाडं आणि स्टुडिओ बंद ठेवल्याचं नुकसान धरा, मग शीटमागे वाचलेले १२० रुपये कुठे जातात ते दिसेल. हिशोब चांगल्या निगेटिव्हमागे करायचा, शीटमागे नाही.

म्हणून एचपी५ चे २५-२५ चे दोन डबे, आणि सहा महिने तीच फिल्म, तोच डेव्हलपर. होल्डर (शीट कॅमेऱ्यात बसवायची चौकट) भरायचा नि फोकसचा सराव एक्स-रे फिल्म कापून करा. ती फार स्वस्त पडते आणि हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असलेली घेतलीत तर लाल दिव्यात हाताळता येते.

ऑर्डर फेब्रुवारीतच द्या, पार्सल एप्रिलच्या उन्हात गोडाउनला पडून राहायला नको. डबा फ्रिजमधून काढल्यावर काही तास तसाच बंद ठेवा, नाहीतर शीटवर दव धरतं. आणि ४८ हजारांची एकच एफडी न करता २४-२४ हजारांच्या दोन करा, म्हणजे अडीनडीला एकच मोडावी लागेल.