काळ्या डोक्याची अळी : फवारणीची घाई नको

प्रश्न : नारळाच्या खालच्या झावळ्या करपल्यासारख्या झाल्या असून पात्यांखाली जाळी दिसते. विक्रेत्याने दुप्पट मात्रेत फवारणी करून लगेच मित्रकीटक सोडण्यास सांगितले आहे. तसे करावे का?

उत्तर : अजिबात करू नये. ही काळ्या डोक्याची अळी आहे. विष्ठा आणि रेशमी धाग्यांचा बोगदा करून ती आत बसून पाने खरवडते, त्यामुळे फवारा तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. मात्रा दुप्पट केली तरी बोगदा बोगदाच राहतो. मरतात ते उघड्यावर फिरणारे मित्रकीटक, आणि मग पुढच्या पिढीच्या अळ्यांना रोखणारे बागेत कोणी उरत नाही.

गोनिओझस हा या अळीवर वाढणारा मित्रकीटक. त्याची मादी लहान काळ्या मुंगीसारखी दिसते. ती बोगद्यात शिरते, डंख मारून अळीला लुळी करते, तिच्या अंगावर अंडी घालते आणि पिल्ले वाढेपर्यंत राखण करते. अळ्या वाढीच्या तिसऱ्या अवस्थेत किंवा त्यापुढे गेल्यावरच प्रति झाड 20 गोनिओझस सोडावेत. सोडण्याआधी चार-दोन झाडांची पाती उतरवून बोगदे स्वतः फाडून पाहावेत. आत नुसते कोष असतील, तर थांबावे. कीटकांची बाटली आणली आहे म्हणून सोडून टाकणे ही बहुतेक बागांत आढळणारी चूक आहे. कीटक शेंड्यात सोडू नयेत, तेथे कोळी त्यांना खातात, बुंध्याशी सोडावेत. मधावर पोसलेले आणि मीलन झालेले कीटकच घ्यावेत. फवारणी आधीच झाली असेल, तर किमान 3 आठवडे काहीही सोडू नये. 'लगेच सोडा' हा सल्ला दोन्ही वस्तू विकणाऱ्याच्याच सोयीचा आहे.

जास्त करपलेल्या खालच्या झावळ्या तोडून जाळाव्यात, मात्र हिरव्या झावळ्यांना हात लावू नये. अनुदानाची चौकशी कृषी कार्यालयात करावी आणि कीटकांची मागणी आगाऊ नोंदवावी, कारण ते साठवून ठेवता येत नाहीत.

नारळावरील दुसरी कीड, गेंड्या भुंगा, याबाबतही विचारणा झाली आहे. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजक्या ओंडक्यांत वाढतात, म्हणून उपायही तेथेच करावा. खड्ड्यातील 1 घनमीटर खतासाठी मेटारायझियम या अळ्यांना मारणाऱ्या बुरशीचे 250 मिली द्रावण 750 मिली पाण्यात मिसळून वापरावे, खत ओलसर ठेवावे आणि त्याच खड्ड्यात बुरशीनाशक टाकू नये, मग विक्रेता काहीही म्हणो.