ॲप बंद पडेल की मेल जातील? थंडरबर्ड आणि के-नाइनबद्दलचे प्रश्न

थंडरबर्ड आणि के-नाइन ही मेल वाचायची-पाठवायची फुकट ॲप्स. ‘के-नाइन बंद होणार’, ‘थंडरबर्ड गुंडाळलं’, ‘मेल गेले’ अशा आशयाचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यात तीन निराळ्या गोष्टींची सरमिसळ असते: ॲप, मेल देणारी कंपनी आणि मेलची तुमच्याकडची प्रत. आपली अडचण यातली कोणती, हे आधी ठरवा.

प्रश्न: के-नाइन मेल बंद होणार असा मेसेज फिरतोय. खरं आहे का? (नाशिक)

नाही. के-नाइन जून २०२२मध्ये थंडरबर्डच्या प्रकल्पात आलं आणि ३० ऑक्टोबर २०२४ला त्याच कोडवर अँड्रॉइडचं थंडरबर्ड निघालं. थंडरबर्डकडे जायचं असेल तर के-नाइनमधून सेटिंग्ज एक्स्पोर्ट करा. त्या फाइलमध्ये पासवर्ड येत नाहीत, ते हाताशी असल्याशिवाय जुनं ॲप काढू नका.

प्रश्न: फुकटचं ॲप किती दिवस टिकणार? पैसे येतात कुठून? (डोंबिवली)

वापरणाऱ्यांच्या देणग्यांतून. २०२२मध्ये थंडरबर्डला ६४ लाख डॉलर मिळाले.

प्रश्न: पासवर्ड बरोबर आहे, तरी जीमेल थंडरबर्डमध्ये उघडत नाही. मित्र म्हणतो, गूगलमध्ये ‘लेस सिक्युअर ॲप्स’ चालू कर. (कोल्हापूर)

ती सोय गूगलनं काढून टाकली आहे. जुने व्हिडिओ पाहून दिलेले असले सल्ले ऐकू नका. अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्ज उघडा आणि ऑथेंटिकेशन मेथड ‘ओऑथ-२’ करा, म्हणजे लॉगिन गूगलच्याच खिडकीत होतं. मग डाव्या यादीत अगदी खाली असलेल्या आउटगोइंग सर्व्हरलाही तेच करा. बहुतेक जण इथंच चुकतात. मग मेल येतात, पण जात नाहीत. गूगलची खिडकी उघडून नुसती पांढरी राहिली, तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये कुकीज बंद आहेत का ते पाहा.

ॲप पासवर्ड (एखाद्या ॲपपुरता गूगलनं बनवून दिलेला वेगळा पासवर्ड) वापरत असाल तर तो सोळा अक्षरांचा असतो आणि गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की रद्द होतो. खातं कंपनीचं किंवा कॉलेजचं असेल, तर तिथल्या ॲडमिनला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. बाहेरच्या ॲपला परवानगी द्यायची की नाही, हे त्याच्या हातात असतं.

प्रश्न: फोनवर मेल दोन-दोन तास उशिरा दिसतात. ॲप खराब आहे का? (मडगाव)

ॲप नव्हे, फोन. ही ॲप्स मेल सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवून वाट पाहतात आणि अँड्रॉइड बॅटरी वाचवायला ती जोडणी तोडतं. फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. शाओमी, ओप्पो, विवोच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ही वेगळं द्यावं लागतं. त्यानंतर ॲपमध्ये इनबॉक्ससाठी ‘पुश’ (मेल आला की लगेच कळवणं) चालू करा. इनबॉक्स सोडून आणखी दहा फोल्डरांना पुश देऊ नका, प्रत्येकाला वेगळी जोडणी लागते.

प्रश्न: मी वकील आहे. २०११पासूनचे पक्षकारांचे मेल लॅपटॉपवरच्या थंडरबर्डमध्ये आहेत. ते उद्या बंद झालं तर? दुकानदारानं मेल ‘कन्व्हर्ट’ करणारं सॉफ्टवेअर घ्यायला सांगितलंय. (सातारा)

सॉफ्टवेअर घेऊ नका. थंडरबर्ड बंद पडेल ही भीती सोडा आणि डिस्क बंद पडेल ही धरा. या एका गोष्टीकडे लोक इतकं दुर्लक्ष करतात, की सविस्तर लिहिणं भाग आहे.

थंडरबर्ड मेल सहसा ‘एमबॉक्स’ या जुन्या, उघड्या पद्धतीत ठेवतं. एका फोल्डरची एक लांबलचक टेक्स्ट फाइल असते. ती नोटपॅडमध्येही उघडते, फक्त जोडलेल्या फाइली त्यात अक्षरांच्या न वाचता येणाऱ्या ओळी होऊन दिसतात. दुसरी ॲप्सही ही पद्धत वाचतात. उघड्या कोडचा, म्हणजे कुणालाही पाहता येणाऱ्या कोडचा, खरा फायदा हाच आहे. कंपनी राहो न राहो, फाइल वाचता येते. त्यासाठी कन्व्हर्टर कशाला?

हेल्प, ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, प्रोफाइल फोल्डर असं जाऊन तो फोल्डर उघडा. तुमचे मेल आणि सेटिंग्ज याच प्रोफाइलमध्ये असतात. आत प्रत्येक मेल-फोल्डरच्या दोन फाइली दिसतील. ‘इनबॉक्स’ या फाइलीत मेल असतात आणि ‘इनबॉक्स.एमएसएफ’ ही नुसती सूची असते. नावाला शेपूट असलेली फाइल खरी वाटते म्हणून लोक तीच तेवढी पेनड्राइव्हवर घेतात. सूची हरवली तर थंडरबर्ड नवी बनवतं, पहिली हरवली तर सगळं गेलं. म्हणून थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि अख्खं प्रोफाइल दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करा. पासवर्डही त्यातच असतात, तेव्हा डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय ती वाचता येणार नाही.

अँटिव्हायरसवरही लक्ष ठेवा. एका मेलमध्ये व्हायरस सापडला, की तो अख्खी इनबॉक्स फाइल उचलून बाजूला ठेवू शकतो. ‘कॉम्पॅक्ट’ (पुसलेल्या मेलची जागा मोकळी करणं) करण्याआधी डिस्कवर त्या फोल्डरएवढी जागा मोकळी हवी.

खातं पॉपचं (मेल सर्व्हरवरून उतरवून घेणारं) असेल, तर सर्व्हरवर मेल उरलेच नसतील आणि तुमच्याकडची प्रत एकुलती एक असेल. आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून सगळीकडे सारखे दाखवणारं) असेल तरी निर्धास्त होऊ नका. फोनवर पुसलेला मेल लॅपटॉपवरूनही जातो. महत्त्वाचे मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करा, मूव्ह नव्हे.

यातले काही मेल पुरावा म्हणून लागणार असतील, तर हलवाहलव करण्याआधी डिजिटल पुराव्याच्या तज्ज्ञाशी बोला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला, फाइल बदलली की बदलणारा आकडा) द्यावं लागतं. हे काम सुट्टीवर ढकलू नका, आजच करा.

प्रश्न: ऑफिसचं मेल एक्स्चेंजवर आहे. थंडरबर्ड चालेल का? (पुणे)

एक्स्चेंज म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑफिसांसाठीची मेल यंत्रणा. नोव्हेंबर २०२५च्या १४५व्या आवृत्तीपासून थंडरबर्ड तिच्यावर ॲड-ऑनशिवाय, म्हणजे वेगळी जोड न घेता, चालतं. त्या आवृत्तीत मेल आले, कॅलेंडर नाही. मात्र ज्या ईडब्ल्यूएस (एक्स्चेंज वेब सर्व्हिसेस) मार्गानं ते चालतं, तो मार्ग मायक्रोसॉफ्ट आपल्या क्लाउडवर ऑक्टोबर २०२६पासून बंद करायला घेणार असल्याचं जाहीर झालं आहे. तुमचं एक्स्चेंज क्लाउडवर आहे की ऑफिसच्याच सर्व्हरवर, हे आयटी विभागाला विचारा. स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर ही तारीख तुम्हाला लागू नाही.