जिप्सीची आयडीव्ही, टोटल लॉस आणि ते व्हाउचर: सही करायच्या आधी वाचा

असा प्रश्न विचारणारी पत्रं मला सतत येतात, फक्त गाडी बदलते. यावेळी जिप्सी आहे, २०१३ ची, पेट्रोल, सॉफ्ट टॉप. मालकाने सहा-सात वर्षं खपून तयार केलेली: गाडी उंच करणारं लिफ्ट किट, मोठे टायर, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी चरखी), आत रोल केज (पलटी झाली तर माणसांना वाचवणारा पाइपांचा पिंजरा), इंजिनाला वरून हवा देणारं स्नॉर्केल, मागच्या अ‍ॅक्सलला लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग). ग्रुपबरोबर ट्रेलला गेले असताना कच्च्या उतारावर गाडी कलंडली, दोन-तीन पलट्या खाऊन खाली गेली, माणसं सुखरूप आहेत हे सगळ्यात चांगलं झालं. आता इन्शुरन्स कंपनीचा मेल आलाय की गाडी टोटल लॉस आहे, पॉलिसीत लिहिलेली आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत घ्या, सोबतच्या व्हाउचरवर (पैसे मिळाले, आता काही मागणं नाही असं लिहून देणारा कागद) सही करा, आरसी आणि चाव्या पाठवा, गाडी आमचा माणूस येऊन उचलेल. आणि ती आयडीव्ही नुसत्या विंच आणि टायरच्या बिलांएवढीसुद्धा नाही. वाचक विचारतायत, माझ्याकडे एकूण एक बिल आहे, केस केली तर गाडीची खरी किंमत मिळेल का?

नाही मिळणार. उगाच आशा दाखवत नाही.

तुम्ही पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलाय तो मी मोठा करून पाहिला. वाहनाच्या किमतीच्या रकान्याशेजारी नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज असा रकाना आहे, त्यात शून्य. त्याच्या शेजारी इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सेसरीज, त्यातही शून्य. म्हणजे कागदावर तुमच्या गाडीला विंच नाही, केज नाही, लाइट बार नाही, शोरूममधून निघाली तशीच ती आहे. आयडीव्ही म्हणजे इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू, जी तुम्ही जाहीर केली आणि जिच्यावर प्रीमियम भरला ती किंमत. टोटल लॉसमध्ये तीच कमाल रक्कम. ग्राहक आयोगात गेलात तरी आयोग करार वाचणार, बिलं नंतर.

मला खरा राग आला तो पुढची गोष्ट बघून. आयडीव्हीचा घसारा पाच वर्षांपर्यंत तक्त्याने ठरतो, सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, मग वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४०, पाचव्या वर्षी ५०. तिथे तुमच्या हातात फारसं काही नसतं. पण पाच वर्षांपुढची गाडी आणि कंपनीने बनवणं बंद केलेलं मॉडेल, या दोन्हींसाठी २००२ च्या मोटर टॅरिफपासून (गाड्यांच्या विम्याचे तेव्हाचे दर आणि नियम) एक ओळ चालत आलीय की किंमत विमा कंपनी आणि विमेदार यांच्या आपसातल्या समजुतीने ठरेल. तुमची जिप्सी दोन्हीत बसते! ज्या मालकांना आपल्या जुन्या गाडीची खरी किंमत लावून घ्यायचीय त्यांच्यासाठी यापेक्षा चांगलं कलम दुसरं नाही, आणि तुम्ही दरवर्षी काय केलंत तर मोबाईलवर रिन्यूची लिंक आली, सगळ्यात कमी प्रीमियमचा आकडा निवडला आणि पैसे भरून मोकळे. गाडीवर एवढा जीव, एकेक बोल्ट स्वतः निवडलेला, आणि ज्या कागदावर हे सगळं उभं राहणार तो वाचायला वर्षातून दहा मिनिटं दिली नाहीत.

ते झालं. आता हातात काय उरलंय ते बघू, आणि थोडं उरलंय, पण फक्त सही करेपर्यंत.

टोटल लॉस कधी म्हणतात, तर दुरुस्ती आणि गाडी बाहेर काढण्याचा मिळून खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की. खऱ्या किमतीच्या नाही, आयडीव्हीच्या. समजा गाडी तयार करून तिची खरी किंमत १०० झाली आणि पॉलिसीत ३० लिहिलेत. मग दुरुस्तीचा अंदाज साडेबावीसच्या पुढे गेला की कागदावर गाडी संपली. तीच गाडी ९० ला विमा केलेली असती तर साधा दुरुस्तीचा क्लेम झाला असता. आता कंपनी ३० देणार आणि सांगाडा घेऊन जाणार, ज्याच्यावर विंच आहे, लॉकर आहे, चार चांगले टायर आहेत, केज कदाचित जराशी वाकलीय. त्या सांगाड्यातल्या सामानाचीच किंमत ४०-४५ असेल. म्हणजे तुमचं नुकसान अपघातात जेवढं झालं त्याच्यापेक्षा जास्त नुकसान त्या सहीत होणार आहे, आणि तुम्ही मला विचारताय आयडीव्हीबद्दल!

माझ्याकडे एक गृहस्थ असेच आले होते, सही करून, चाव्या देऊन, गाडी टोइंगवर चढून गेल्यानंतर. त्यांच्या विंचचा सिरियल नंबर त्यांच्याकडे बिलावर होता, पण विंच गाडीबरोबर भंगारवाल्याकडे आणि तिथून पुढे कुठे गेली ते कळलंच नाही. कंपनीचं उत्तर एका ओळीचं, सॅल्व्हेज, म्हणजे अपघातानंतर उरलेली गाडी, जसं आहे तसं तुम्ही सहीने सोडलंत.

म्हणून आधी व्हाउचर बाजूला ठेवा आणि कंपनीला मेल करा, फोन नाही, मेलच. त्यात लिहा की मला क्लेम आयडीव्हीतून सॅल्व्हेजची किंमत वजा करून, म्हणजे गाडी माझ्याकडेच ठेवून, सेटल करायचा आहे, सॅल्व्हेजसाठी आलेली बोली मला दाखवा, आणि ती बोली कशाकशाची आहे ते लेखी सांगा. इथेच तुमच्या बाजूचा मुद्दा आहे. अ‍ॅक्सेसरीज पॉलिसीत नाहीत म्हणून कंपनी त्यांचे पैसे देत नाही, ठीक, पण मग त्याच अ‍ॅक्सेसरीज धरून सॅल्व्हेजची किंमत वाढवून तुमच्या रकमेतून कापता येणार नाही. विमा ज्या वस्तूचा होता तिचंच सॅल्व्हेज. सांगाडा मूळ जिप्सीचा धरून बोली मागवा म्हणायचं, नाहीतर जाहीर न केलेलं सामान सर्व्हेअरसमोर (नुकसान तपासणारा माणूस) यादी करून, फोटो काढून उतरवून घेऊ द्या म्हणायचं. सगळ्या कंपन्या हे लगेच मानतील असं नाही, पण हा मुद्दा तर्काला धरून आहे आणि लेखी मांडला की बरेचदा बोलणी सुरू होतात.

आरसीचं नीट समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं आणि आरसी जमा करायची असते. तुम्हाला गाडी परत उभी करायची असेल तर गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे अशी भूमिका आत्तापासून घ्यावी लागेल. चेसिस सरळ आहे का हे आधी बघून घ्या, चेसिस गेली असेल तर हा सगळा हट्ट सोडा आणि सामान वाचवा.

केस करायची का? व्हाउचरवर ‘फुल अँड फायनल’ लिहून सही केली की सगळं संपतं असं अगदी नाही, सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या प्रकरणात सांगितलंय की सही फसवून, दबाव आणून वगैरे घेतली असेल तर ग्राहक मंचात दाद मागता येते. पण तो दबाव तुम्हाला सिद्ध करायचा असतो, आणि तुम्ही तर मला पत्र लिहून विचार करून सही करणार, मग दबाव कसला दाखवणार? आणि ग्राहक आयोगाचा अनुभव सांगतो. २०१९ च्या कायद्यात लिहिलंय की तक्रार तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात पहिले काही महिने नोटिशीतच जातात, मग कंपनीचा वकील मुदत मागतो, मग जागा रिकामी असते, मग पुढची तारीख, अशी वर्षं जातात आणि मला प्रत्येक वेळी संताप येतो, कारण तोवर गॅरेजच्या आवारात गाडी पावसात गंजत असते. सॅल्व्हेजच्या कपातीवरून वाद झालाच तर आधी विमा लोकपालाकडे जा. कंपनीकडे लेखी तक्रार करायची, उत्तर पटलं नाही किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही की लोकपालाकडे अर्ज, कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत, फी नाही, वकील लागत नाही. ग्राहक आयोगासाठी दोन वर्षांची मुदत आहे. दोन्हीकडे एकाच वेळी नाही जाता येत.

आता ज्या गोष्टींवर मी ठाम बोलणार नाही त्या. कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने जयचंद्र प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. विंच बोल्टने लावलेली असते, तिला कोणी फारसं काही म्हणत नाही. लिफ्ट, टायर, केज यांच्याबद्दल मात्र वेगवेगळे अधिकारी वेगवेगळं बोलतात. कंपनीने अजून हा मुद्दा काढलेला नाही, आयडीव्ही देऊ केलीय. तुम्ही बिलांचा गठ्ठा टाकून पूर्ण किंमत मागितलीत तर तो मुद्दा निघणारच, आणि गाडी कलंडली आहे म्हटल्यावर लिफ्टमुळेच कलंडली असं म्हणणं त्यांना सोपं जाईल. त्यावर उत्तर आहे, २०१६ च्या लखमीचंद निकालानुसार शर्तीचा भंग मुळावर घाव घालणारा होता आणि त्यामुळेच अपघात झाला हे कंपनीने दाखवायचं असतं, पण आज मिळणारी रक्कम त्या वादात घालू नका. खोटं मात्र एक अक्षर लिहायचं नाही. सर्व्हेअरने लिफ्टबद्दल विचारलं तर आहे ते सांगायचं, फोटो त्याच्याकडे आहेतच.

ट्रेल म्हणजे नक्की काय होतं हेही मला कळवा. मित्र मिळून फिरायला गेलात तर प्रश्न नाही. एंट्री फी, गाडीवर नंबर, घड्याळ लावून वेळ नोंदवणं असं काही असेल तर पॉलिसीत ऑर्गनाइज्ड रेसिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल सरळ वगळलेलं असतं, त्यासाठी वेगळं एन्डोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली जादा शर्त, घ्यावं लागतं.

गाडी परत उभी राहिली, किंवा दुसरी घेतलीत, तर यावेळी लिंकवर रिन्यू करायचं नाही. पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी लायसन्सधारक सर्व्हेअरकडून किंवा मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून मूल्यांकन करून घ्या, गाडीचे चारही बाजूंचे आणि खालचे फोटो, प्रत्येक वस्तूचं बिल, सिरियल नंबर, हे सगळं लावून कंपनीच्या शाखेला मेल करा की पाच वर्षांवरची गाडी आहे, या किमतीवर समजूत व्हावी, इन्स्पेक्शन करून घ्या. विंचची मोटर, लाइट बार, वायरलेस सेट हे इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक म्हणून वेगळे लिहून घ्यायचे, जुन्या टॅरिफमध्ये त्यावर किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम होता, आता २००७ पासून दर खुले झालेत त्यामुळे कंपनीप्रमाणे फरक पडेल. केज, बंपर, रॅक नॉन-इलेक्ट्रिकलमध्ये. लिफ्टसारखे बदलसुद्धा प्रपोजलमध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात लिहा, कंपनी नाही म्हणाली तर ते आत्ता कळलेलं बरं, दरीच्या तळाशी गाडी असताना कळण्यापेक्षा. पॉलिसी हातात आली की ते दोन रकाने उघडून बघा, अजून शून्य असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीचा मेल करा. व्हिंटेज गाड्यांना मिळते तशी ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ पॉलिसी जिप्सीला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, जुन्या टॅरिफमध्ये ती १९४० पर्यंत बनलेल्या गाड्यांसाठी होती. आणि दुरुस्तीच्या क्लेममध्ये टायर, प्लास्टिक, बॅटरीवर ५० टक्के कापतात, ते किंमत कितीही बरोबर लावली तरी कापणारच.

शेवटी एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलीच नाही आणि मला तीच पहिल्यांदा हवी होती. बऱ्याच जिप्सींमध्ये डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर पेट्रोलच राहतं. तुमच्यात तसं असेल तर सॅल्व्हेजवर भांडायच्या आधी मला वेगळा विचार करावा लागेल, कारण मग आत्ता देऊ केलेली रक्कमसुद्धा परत मागे जाऊ शकते. इंजिनवर ठोकलेल्या नंबरचा फोटो आणि आरसीची दोन्ही बाजूंची कॉपी उद्याच पाठवा, तोवर व्हाउचर, आरसी, चाव्या यातलं काहीही कुणाच्या हातात देऊ नका.