आपलं घर की आमचं घर?

प्रश्न असा आहे: 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद हिंदीत नाही, इंग्रजीत नाही, मग तो फक्त मराठीतच आहे का?

नाही. गुजरातीत 'आपणे' आणि 'अमे' आहेत, तेलुगूत 'मनम्' आणि 'मेमु'. (मराठीत हा भेद द्राविडी शेजारामुळे रुजला, असं बरेच अभ्यासक मानतात.) पण त्याची खरी श्रीमंती बघायची तर पॅसिफिक महासागरात जावं लागेल. टोंगा, सामोआ, ताहिती, हवाई, न्यूझीलंड या बेटांवर ओशनिक भाषांची पॉलिनेशियन ही शाखा बोलली जाते. भाषा जेमतेम चाळीसेक.

न्यूझीलंडची माओरी घ्या. 'फारे' म्हणजे घर. पाहुण्याला 'तो मातोउ फारे' म्हटलं तर ते 'आमचं घर'. 'तो तातोउ फारे' म्हटलं की पाहुणाही त्यात आला, 'आपलं घर'. इथपर्यंत मराठी बरोबरीनं चालते. पण घर नवराबायको दोघांचंच असेल तर 'मातोउ' चालत नाही. 'तो माउआ फारे' म्हणायचं, म्हणजे आम्हा दोघांचं. तेच दोघं एकमेकांशी बोलताना म्हणतील 'तो ताउआ फारे', आपल्या दोघांचं.

सुरुवातीला 'म' असेल तर ऐकणारा बाहेर, 'त' असेल तर आत. शेवटी लपलेत चक्क आकडे! 'रुआ' म्हणजे दोन, त्याचा 'उआ' झाला. 'तोरु' म्हणजे तीन, त्याचा 'तोउ'. म्हणजे 'तातोउ' मुळात 'आपण तिघं' होतं, पुढे ते तिघांपासून कितीही जणांना चालू लागलं. टोंगनमध्ये तर 'किताउतोलु' या रूपात तीनचा 'तोलु' अजून जसाच्या तसा ऐकू येतो.

बायबलच्या भाषांतरकारांना या भेदातून सुटका नव्हती. प्रभूच्या प्रार्थनेतला पिता मराठीत 'आमच्या स्वर्गातील पित्या' आहे, माओरीतही 'तो मातोउ'च. ज्याला हाक मारायची त्याला 'आपल्या' म्हणून कसं चालेल?

मला सगळ्यात मोह पडतो तो टोंगनच्या 'किता'चा. रूप 'आपण'च्या घराण्यातलं, पण बोलणारा एकटा. नम्रपणे 'मी' किंवा 'माणसानं' अशा अर्थानं ते वापरतात. मराठीशी या भाषांचं काडीचं नातं नाही, तरी 'आपण बुवा असल्या भानगडीत पडत नाही' म्हणणारा आपला माणूस तिथे लगेच ओळखू येतो.