नोज टॅकल खेळणाऱ्या मुलाला डबल टीमसमोर टिकायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा दहावीत आहे, वजन 230 पौंड, यंदा अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये कोचने त्याला नोज टॅकलला, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेत (डिफेन्सिव्ह लाइन) मधोमध, उभं केलंय आणि समोरचा सेंटर (बॉल मागे देणारा) व त्याच्या शेजारचा गार्ड मिळून त्याला मागे रेटतात, म्हणजेच डबल टीम करतात. वजन वाढवावं का, असा तुमचा प्रश्न आहे. मी टेक्ससमध्ये हायस्कूलच्या मुलांना डिफेन्सिव्ह लाइन शिकवतो. माझ्या मते वजनाच्या मागे लागू नका. रेटला जाणारा मुलगा बहुतेक वेळा हलका नसतो, तो बॉल हलताच सरळ उभा राहिलेला असतो. खांदे वर आले की 300 पौंडांचाही उपयोग नाही.

आधी कोचना एवढं विचारून घ्या: त्याने सेंटरच्या नाकासमोर राहून दोन्हीकडचे गॅप (खेळाडूंमधल्या मोकळ्या जागा) सांभाळायचेत, की एका खांद्याकडे सरकून एकच? सराव त्याप्रमाणे ठरतो.

सुरुवात बॉलपासून. लाइनवर बॉलच्या सगळ्यात जवळ नोजच असतो, म्हणून नजर बॉलवरच हवी. क्वार्टरबॅक (सेंटरकडून बॉल घेऊन खेळ चालवणारा) मुद्दाम आवाज बदलून ऑफसाइड काढायला, म्हणजे बॉल हलण्याआधीच त्याला पुढे घुसवायला, बघतो, त्याच्या ओरडण्याकडे लक्षच द्यायचं नाही. हे घरी सहज होतं. तुम्ही टेनिस बॉल जमिनीवर धरा, वाटेल ते ओरडा, पण त्याने निघायचं ते बॉल हलल्यावरच. पहिलं पाऊल छोटं, वीतभराहून कमी. लांब टाकलं तर एक पाय हवेत असतानाच धडक बसते.

मग हात. तळवे सेंटरच्या छातीवर, अंगठे वर, कोपरं बरगड्यांशी. सेंटरचा एक हात बॉल मागे देण्यात गुंतलेला असतो, तेवढ्या वेळात आपले हात आधी पोचले पाहिजेत. पोचले की ताठ करून त्याला लांब धरायचं. डोकं वर, नजर समोर. हेल्मेट पुढे घालून धडक कधीच नाही, त्यात मानेला कायमची इजा होऊ शकते.

आता डबल टीम. दोघांशी एकदम झुंजायला गेलं की हरलंच. हात सेंटरवरच ठेवायचे. गार्डचा दाब बरगडीत जाणवला की त्या बाजूची कंबर खाली घेत त्याच्यात घुसवायची. इथे मुलं गार्डकडे तोंड वळवतात, त्याने खांदे फिरतात आणि मग दोघं त्याला दरवाजासारखा उघडून नेतात. जागा सुटायला लागलीच तर त्या बाजूचा गुडघा टेकायचा आणि तिथेच ढीग होऊ द्यायचा. दोघे ब्लॉकर त्याच्यात अडकले म्हणजे आपल्या लाइनबॅकरपर्यंत (रांगेच्या मागे उभ्या बचावपटूपर्यंत) कोणी पोचत नाही. हे त्याला घरी आवर्जून सांगा, कारण टॅकलच्या (बॉल नेणाऱ्याला पाडण्याच्या) आकड्यांत त्याचं हे काम दिसणारच नाही. सराव अर्ध्या वेगाने, तोही कोचसमोर आणि पॅड घालूनच.

आणि हिवाळ्यात त्याला शाळेच्या कुस्तीच्या टीममध्ये घाला. कर्ली कल्प 1967 मध्ये कॉलेज कुस्तीचा राष्ट्रीय हेवीवेट विजेता होता. जानेवारी 1970 च्या सुपर बोलमध्ये (व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात) त्याच्या कॅन्सस सिटी टीमने त्याला प्रतिस्पर्धी व्हायकिंग्जचा सेंटर मिक टिंगलहॉफ याच्या समोर उभं केलं. टिंगलहॉफ त्याच्यापेक्षा बराच हलका होता. कॅन्सस सिटीने सामना 23-7 ने जिंकला. पुढे ह्यूस्टनला कोच बम फिलिप्सच्या 3-4 डिफेन्समध्ये (पुढच्या रांगेत तिघे, मागे चार लाइनबॅकर) कल्प नोजला खेळला आणि 2013 मध्ये फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. बूड खाली ठेवणं, समोरच्याचा दाब अंगाने ओळखणं, हे कुस्ती जितकं शिकवते तितकं आमच्या स्लेडवर (रेटायच्या सरावाच्या पॅडवाल्या सांगाड्यावर) होत नाही.

एका बाबतीत मात्र कडक राहा. ऑगस्टच्या सरावात उष्माघाताचा धोका सगळ्यात जास्त याच अंगाने मोठ्या मुलांना असतो. तो बरळायला लागला, तोल जाऊ लागला तर घरी आणत बसू नका. तिथेच बर्फाच्या पाण्यात बसवा आणि 911 ला फोन करा. मैदानावर बर्फाच्या पाण्याचा टब तयार असतो का, हे पहिल्या सरावाआधी कोचना विचारा.